कड्यावरची द्वाही

पहाट फुटली तरी सांदणगडाचा माथा दिसत नव्हता. दऱ्यांतून उठलेले धुके तटबंदीला बिलगून वर चढले होते, आणि खाली गडाच्या चारी अंगांना मोगलांच्या वेढ्यातले डेरे, उंट, तोफा आणि विझत आलेल्या शेकोट्या त्याच धुक्यात बुडून गेल्या होत्या. नगारखान्यात चौघडा झडला, पण त्या सकाळी तो ऐकून कोणी हात जोडले नाहीत. शिबंदीपासून पाणक्यांपर्यंत गडावरचे सारे माणूस पश्चिमेच्या कड्याकडे निघाले होते. तेथे धर्मा लांघी नावाच्या कोळ्याचा कडेलोट व्हायचा होता.

धर्मा हा मेटकरी. तटाबाहेर, कड्याच्या कपारीला लागून जी पहाऱ्याची चौकी असते तिला मेट म्हणतात, आणि सांदणगडाचे पश्चिमेचे मेट लांघ्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. दोन रात्रींपूर्वी त्याच मेटावरून दोरखंडाची एक लांब शिडी खाली सुटलेली सापडली. मोगलांचे काही गडी तीवरून अर्धा कडा चढूनही आले होते; शेजारच्या मेटावरच्या पोरांनी वेळीच दोर तोडला म्हणून गड राहिला. शिडी सोडली कोणी, याचा शोध गडाचे मुख्य अधिकारी, हवालदार सुभानराव यांनी जातीने केला आणि तो फार लवकर लागला. मेट धर्माचे, रात्र धर्माच्या पहाऱ्याची, तेव्हा हरामखोर धर्माच, असे ठरले. त्याला विचारले काय, याचे उत्तर त्याच्या सुजलेल्या तोंडावर दिसत होते.

मंदिली पगडी, कमरेला महादरवाजाच्या किल्ल्यांचा जुडगा आणि हाती नागवी तलवार, अशा थाटात सुभानराव कड्याच्या टोकाशी उभे होते. माणूस देखणा होता, आणि आपण देखणे आहोत हे त्याला क्षणभरही विसरता येत नसे.

"गडकऱ्यांनो," ते भारदस्त आवाजात म्हणाले, "महाराजांच्या मिठाला जागणाऱ्यांचा हा गड. ज्याने ते मीठ शत्रूच्या ओंजळीत ओतले, त्याला गडाची माती जागा देत नाही. घ्या पुढे."

दोघा हशमांनी धर्माच्या दंडाला धरले. तेवढ्यात गर्दी फोडून त्याची बायको ठमा पुढे आली. ती रडत नव्हती. तिने पायाशी पडलेला एक दगड उचलला, नवरा आणि कड्याची धार यांच्यामध्ये जमिनीवर ठेवला, आणि साऱ्या गडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महाराजांची द्वाही हाय. ह्या दगडाच्या म्होरं पाऊल टाकायचं न्हाई."

हशमांचे हात आपोआप सुटले.

द्वाही म्हणजे राजाची आण. शेजाऱ्याने बांध कोरला, भावाने वाट अडवली, कोणी दुसऱ्याच्या झाडाला कुऱ्हाड लावली, की दुबळ्यातल्या दुबळ्याने तेथे दगड ठेवून राजाची द्वाही द्यावी. मग समोर पाटील असो की देशमुख, त्याला ते काम जागच्या जागी थांबवावे लागे, आणि न्यायदरबाराने दोघांना ऐकून निवाडा करीपर्यंत त्याला हात लावणारा राजद्रोही ठरे. गावोगाव हे रोज चाले. पण आजवर कोणी शेताच्या बांधाची द्वाही कड्याच्या धारेवर आणली नव्हती.

सुभानराव मोठ्याने हसले. "बाई, हा काय तुझ्या वरईचा बांध आहे? आणि गडाला वेढा पडला आहे. वेढ्यात न्यायदरबार बसत नसतो."

"मग बसंल तवा बसंल," ठमा म्हणाली. "तोवर ह्यो मानूस उभा ऱ्हाईल."

हवालदारांनी हशमांकडे पाहिले. हशमांनी सबनिसांकडे पाहिले. गडाचे दफ्तर राखणारे अंताजीपंत सबनीस हे मुळात भांडणाला भिणारे गृहस्थ. तरी ते दोन पावले पुढे झाले. "हवालदारसाहेब," ते म्हणाले, "द्वाही दिली गेली आणि ती साऱ्या गडाने ऐकली. आता या माणसास धक्का लागला तर तो कडेलोट राहत नाही, खून होतो, आणि मला तो तसाच लिहावा लागेल."

गर्दीतून होकाराची कुजबूज उठली. सुभानराव बेत आखणारे होते. इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत राजाची आण मोडली तर शिबंदी हातची जाईल, हे त्यांना कळत होते. त्यांनी तलवार म्यान केली आणि अतिशय गोड शब्दांत सांगितले की राजाची द्वाही त्यांना शिरसावंद्य आहे, येत्या पौर्णिमेपर्यंत न्यायदरबारातून कोणी आले तर आनंदच आहे, आणि न आल्यास द्वाही सोडून दिली असे समजण्यात येईल. वेढ्यातून बाई बाहेर जाते कुठली आणि गेलीच तर परत येते कुठली, असा त्यांचा हिशेब होता. लांघ्यांच्या बायका पावसाळा सरला की दोराला लोंबकळत कड्यावरची आग्या मोहोळे काढतात, हे त्या हिशेबात कोणी धरले नव्हते.

धुके निवळायच्या आत ठमा कडा उतरून गेली.

*

राजधानीत न्यायाधीशांच्या पदावर त्या काळी वैजनाथशास्त्री होते. विद्वत्ता मोठी, पण देह त्याहून मोठा. दरबाराच्या पायऱ्या चढताना ते मध्ये एकदा बसून घेत आणि बसल्या बसल्या पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार करीत. स्वभाव तिरसट, जिभेला हाड नाही, आणि गुडघे कायमचे दुखरे. अनवाणी, काट्यांनी ओरबाडलेली एक कोळीण सदरेसमोर येऊन उभी राहिली आणि तिने सारे सांगितले तेव्हा शास्त्रीबुवांनी तिला मध्ये एकदाही तोडले नाही, हे पाहून कारकुनांनाच नवल वाटले.

तिचे बोलणे संपल्यावर एक वृद्ध कारभारी नम्रपणे म्हणाले, "शास्त्रीबाबा, द्वाही कोठे पळून जात नाही. वेढा उठू द्यावा, मग बोलावणे घेऊन मृधा शिपाई पाठवून हवालदारांना आणि त्या कोळ्याला येथेच बोलावून घेऊ."

"द्वाही थांबेल," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण कड्यावर उभा केलेला माणूस किती थांबेल? आम्ही राज्यात गावोगाव सांगून ठेवले की राजाचे नाव घ्या, आम्ही येऊ. हिने घेतले. आता वाट अवघड आहे म्हणून न जावे, तर ही आण आम्ही खोटीच वाटीत होतो म्हणा. मेणा काढा."

मेणा डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालला. तेथून पुढे रानवाटा, आणि शेवटी मोगलांच्या चौक्यांना वळसा घालून जाणारी एक अरुंद घळ. शास्त्रीबुवा धापा टाकीत, ठेचकाळत, वेलींना धरून चालले आणि वाटेभर कुरकुरले. परत फिरू मात्र एकदाही म्हणाले नाहीत. कड्याच्या बुडाशी पोचल्यावर ठमा आधी एकटी वर गेली. थोड्या वेळाने धुक्यातून मधाचे हंडे उतरवायचा भला मोठा वेताचा हारा खाली आला, आणि राज्याचे न्यायाधीश त्यात मांडी घालून बसले.

हारा निम्म्यावर आला असेल नसेल, इतक्यात वारा सुटला आणि धुके फाटले. समोरच्या टेकडीवरच्या मोगली पहारेकऱ्यांना कड्याच्या मध्यावर लोंबकळणारी ती आकृती दिसली आणि बंदुका कडाडल्या. गोळ्या खडकावर आपटून कपचे उडू लागले. एकाने शास्त्रीबुवांचा कान फाडला. वर लांघ्यांची सारी माणसे, बायकांसकट, दोराला लागली होती. हारा काठाला लागला आणि रक्ताने भिजलेले उपरणे सावरीत शास्त्रीबुवा बाहेर आले तेव्हा त्यांचे पहिले शब्द असे होते: "सदर कोणीकडे आहे?"

*

सुभानराव सदरेच्या बैठकीवर लोडाला टेकून बसले होते. पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर आली होती आणि ते खुशीत होते. न्यायाधीशांना पाहताच ते उठले, मुजरा केला, आणि आपल्या शेजारी बैठक मांडायला सांगितली.

"शेजारी नव्हे," शास्त्रीबुवा म्हणाले. "ही बैठक आता महाराजांची आहे आणि तीवर मी बसतो. आपण खाली उतरा. वादी तेथे उभा आहे, आपण प्रतिवादी. तलवार सबनिसांपाशी द्या आणि त्याच्या ओळीत उभे राहा. निवाडा होईल तो मान्य, असे दोघांनी आधी कबूल करावे, मग मी बोलणे ऐकतो."

"मी? त्या कोळ्याच्या ओळीत?"

"ओळ एकच असते, सुभानराव."

हवालदारांचा चेहरा तांबडा झाला. "शास्त्रीबाबा, आपण वयाने वडील, म्हणून ऐकून घेतो. वेढ्यात न्याय बसत नाही. येथे माझा हुकूम चालतो."

"न्याय बसत नसेल तर कडेलोटाची शिक्षा कोणत्या हक्काने दिलीत? तीही न्यायदरबाराचीच. कायदा निजला म्हणता, आणि त्याच्या उशाखालची तलवार तेवढी काढून घेता. दोहोंपैकी एक ठरवा."

सुभानरावांनी कमरेचा जुडगा हातात घेतला. त्या घटकेला त्यांची धूर्तता त्यांना सोडून गेली, आणि आजवर कोणाच्याही ओळीत उभा न राहिलेला माणूस बोलावा तसे ते बोलले. "महादरवाजाच्या किल्ल्या माझ्यापाशी आहेत. दरवाजावर माझे हशम आहेत. मला या सदरेवरून खाली ओढलेत, तर सूर्य माथ्यावर यायच्या आत दरवाजा सताड उघडा दिसेल. मग बाहेर वेढा घालून बसलेल्या खानसाहेबांसमोर मांडा आपला निवाडा."

हे शब्द गडाच्या हवालदाराने उच्चारले. ऐकणाऱ्यांत असे कोणी नव्हते ज्याचा बाप किंवा भाऊ त्या दरवाजाशी पडला नव्हता.

शास्त्रीबुवांनी किल्ल्या मागितल्या नाहीत. ते सबनिसांकडे वळले. "अंताजीपंत, दरवाजा आतून चिणून घ्या."

"चिणून?"

"दगड नाहीत काय गडावर? पार कमानीपर्यंत. किल्ल्या राहू द्या त्यांच्यापाशी."

आणि तो दिवस सांदणगड पुढे कधी विसरला नाही. पाथरवट पहारी घेऊन धावले, बायका डोक्यावरून धोंडे वाहू लागल्या, कोठारापुढची फरसबंदी उखडली गेली. दरवाजावरचे हवालदारांचे हशम तलवारी उपसून उभे राहिले खरे, पण धोंडे घेऊन येणाऱ्यांत त्यांच्याच आया-बायका होत्या, आणि हवालदार काय बोलले ते त्यांनी येता येता सांगितले. एका हशमाने तलवार म्यान केली आणि बायकोच्या डोक्यावरचा धोंडा उतरून घेतला. मग बाकीचेही लागले. दगडावर दगड पडल्याचा आवाज सदरेपर्यंत येत होता, आणि प्रत्येक आवाजाबरोबर सुभानरावांच्या हातातले ते वजनदार लोखंड निकामी होत चालले होते. काम पुरे झाल्याचे सांगत माणूस आला तेव्हा ते मुकाट्याने खाली उतरले, तलवार दिली, आणि धर्माच्या शेजारी, जरा अंतर राखून, उभे राहिले.

बोलणे सुरू झाले. धर्मा म्हणाला, शिडी मी सोडली नाही. त्या रात्री खुद्द हवालदारांनी येऊन मला खालच्या बुरुजावर जायला सांगितले. सुभानराव म्हणाले, मी गस्तीला गेलो तेव्हा हा मेटावर नव्हता आणि शिडी सुटलेली होती. एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द. "साक्ष नाही," सुभानराव म्हणाले, "तेव्हा रिवाजाप्रमाणे दिव्य व्हावे. कोळ्याने उकळत्या तेलातून धातूचा रवा काढावा. हात भाजला नाही तर तो खरा."

ठमाने नवऱ्याच्या हातांकडे पाहिले. हेच हात राहिले नाहीत तर जीव राहून उपयोग काय, असे तिच्या मनात आले, आणि तिचे डोळे पहिल्यांदा भरले.

"साक्ष मिळाली तर दिव्य नाही, हाही रिवाजच," शास्त्रीबुवा म्हणाले. "आपण गस्तीला गेलात. अंधारात गेलात काय?"

"हवालदाराची गस्त अंधारात कशी निघेल?"

"मग मशाल कोणी धरली?"

सुभानराव थबकले. गस्तीला आपण एकटे गेलो होतो, असे ते साऱ्यांना सांगत आले होते, आणि तसे सांगताना त्यांना खोटे बोलल्यासारखे वाटलेही नव्हते. पुढे मशाल घेऊन चालणारा माणूस हा त्यांच्या लेखी मशालीचाच दांडा होता.

लखू मशालजी खांबाआडून पुढे आला. म्हातारा, हाताला तेलाचा वास. शास्त्रीबुवांनी त्याला महाराजांच्या नावाने अभय दिले.

"मेटाच्या वरल्या पायरीला सरकारांनी मला थांबवलं," लखू जमिनीकडे पाहत म्हणाला. "म्हनले, मशाल इझव. उभा जल्म मशाल धरली, पर गस्तीला इझव म्हनून कुनी सांगितलं न्हवतं. इझवली. मंग सरकारांचा आवाज आला, धर्म्या, खालच्या बुरुजावर जा, तितं मानसं कमी पडत्यात. धर्मा ग्येला. त्यो ग्येल्यावर दोर घासत खाली सुटल्याला म्या ऐकला."

"आजवर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर त्याच्या शेजारी कड्यावर उभा असतो, बाबा."

"हवालदारावर मशालजीची साक्ष?" सुभानराव ओरडले.

"मशाल आपली होती," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "डोळे-कान त्याचे स्वतःचे आहेत."

निवाडा झाला. धर्मा लांघी निर्दोष. सुभानरावांवर गड शत्रूस देऊ केल्याचा आरोप. पण त्यांची नेमणूक खुद्द महाराजांची, म्हणून अखेरचा निकाल व शिक्षा हुजुरात, त्यांचे म्हणणे पुन्हा ऐकून.

हे शेवटचे वाक्य पुरते बाहेर पडलेही नाही. "हुजुरात कशाला?" कोणी गरजले, आणि सारी सदर उसळली. शास्त्रीबुवा आडवे आले तर धक्क्याने ते पायऱ्यांवरून घसरून पडले. सुभानरावांची पगडी कोठे गेली कळले नाही. शेकडो हातांनी त्यांना फरफटत पश्चिमेच्या कड्यावर नेले. राग खोटा नव्हता. त्यात मीही असतो तर माझेही हात मागे राहिले नसते.

धारेवर पोचल्यावर दरीतला वारा सुभानरावांच्या तोंडावर आला आणि त्यांच्या घशातून किंकाळीसारखा आवाज निघाला. "द्वाही. महाराजांची द्वाही."

क्षणभर सगळे थांबले. मग एकजण हसला. "तुला कसली द्वाही, कुत्र्या?" आणि हात पुन्हा पुढे झाले.

ठमा मध्ये येऊन उभी राहिली. सुभानराव आणि दरी यांच्यामध्ये, त्यांच्याकडे पाठ करून, आपल्याच माणसांकडे तोंड करून.

"बाजूला हो, ठमे," तिचा दीर म्हणाला. "तुझ्या दाल्ल्याला ढकलनार हुता ह्यो."

"ठाव हाय मला. माझ्यापरास जास्ती कुनाला ठाव हाय?" ठमा म्हणाली. "मला ह्याचं तोंड बगू वाटत न्हाई. पर म्या राजाचं नाव घेतलं तवा तुमी थांबलात. ह्यानं घेतलं तर थांबत न्हाई म्हनता. मंग उद्याच्याला कुनाचं ऐकायचं आनि कुनाचं न्हाई, हे कोन ठरवनार? परत एखांदा हवालदारच ना?"

दिराने मान खाली घातली. धर्मा लंगडत आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. मग गर्दी हळूहळू मागे सरली, आणि पायऱ्यांवरून उठून कसेबसे कड्यापर्यंत आलेले शास्त्रीबुवा मोकळ्या झालेल्या वाटेत येऊन एका दगडावर बसले.

पुढच्या गोष्टी बखरीत दोन ओळींच्या. सुभानरावांनी आधीच गुपचूप ठरवून दिलेल्या वेळी मोगल महादरवाजाशी आले, दरवाजा उघडेल म्हणून थांबले, आणि वरून पडलेल्या धोंड्यांखाली त्यांची चांगलीच दाणादाण उडाली. आतून गड विकत मिळत नाही असे दिसल्यावर खानाने पावसाच्या तोंडावर वेढा उठवला. सुभानरावांना हुजुरात बोलायची संधी मिळाली, त्यांनी ती पुरेपूर घेतली, आणि उरलेला जन्म दूरच्या एका किल्ल्यावर बेड्यांत काढला.

पण त्या आधी त्यांना गडाखाली उतरवायचे होते, आणि दरवाजा तर चिणलेला. दुसऱ्या पहाटे, धुके दाट असताना, हात बांधलेले सुभानराव हाऱ्यात बसले. दोर धरणाऱ्यांत पुढचा गडी भरवशाचा लागतो. साऱ्या मेटावर तसा एकच होता. धर्माने सुजलेल्या बोटांनी दोराला पीळ घातला, टाच खडकात रोवली, आणि दोर सोडू लागला. हाऱ्यातला माणूस वर पाहत होता. धर्माच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या हातांकडे. दोर ओला होता आणि तळवे सोलवटून निघत होते. फार वेळाने दोर सैल पडला. हारा टेकला होता. धर्माने तो खालून सुटेपर्यंत तसाच धरून ठेवला.